कवेचा रविवार

हॅरोथॉर्प
१४ जून १९७०

प्रिय विनी आत्या,

तुझं घर अजून उभं आहे आणि मांजर माझा तिरस्कार करते, म्हणजे सगळं तू ठेवून गेलीस तसंच आहे. तू तिकडे ब्रिडलिंग्टनला समुद्राकडे तोंड करून खुब्याचं नवं हाड मुरवत बस. मी इथे तुझ्या खिडकीत बसून सेंट ऑस्वल्डकडे बघतो. लीड्सचं कॉलेज मधेच सोडल्याबद्दल बाबांना याहून वाईट शिक्षा सुचली नसती.

याला लोक चर्च म्हणतात. दोन वर्षं वास्तुकला शिकलो तेवढ्यावरून सांगतो, ही इमारत नव्हे, हे आठशे वर्षं चाललेलं भांडण आहे. दक्षिणेचं दार नॉर्मन काळातलं म्हणून सगळे मिरवतात. ते कुठल्या तरी पडक्या मठातून उचलून आणलंय, आणि बसवताना दगडांची अदलाबदल झाली. दोन्ही बाजूंची नागमोडी नक्षी कमानीच्या माथ्यावर येते आणि एकमेकींना ओळखसुद्धा दाखवत नाही. गाभारा मुख्य दालनाशी सरळ नाही, डावीकडे कलतो. ऑसगुड पाद्री पाहुण्यांना डोळे मिटून सांगतात, क्रुसावर प्रभूची मान कलली होती, तिची ही आठवण. अगं, गवंड्याने दोरी धरली नव्हती, त्याची ती आठवण. मनोऱ्याला टोक नाही. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे उत्तरेची पडवी. लोकरीच्या गिरणीवाल्या किलिंगबेकने शंभर वर्षांपूर्वी जुनी उत्तर भिंत पाडली, तिच्या जागी खांब उभे केले आणि बाहेरून हे लांबलचक उतरत्या छपराचं प्रकरण जोडलं. म्हाताऱ्याला कवळी करून द्यावी आणि ती तोंडापेक्षा मोठी निघावी, तसं दिसतं.

ते जाऊ दे. ऑगस्टमधल्या कवेच्या रविवारी गाव हातात हात घालून चर्चभोवती कडं करतं, दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे, आणि एक स्तोत्र म्हणतं. लहानपणी मी ते एकदा पाहिलं होतं आणि तेव्हाही मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. इमारतीला मिठी मारणारी माणसं. गेल्या वर्षी कडं पुरलं नाही म्हणे, तेव्हा चर्चच्या कारभाऱ्याने, सगडनने, मधल्या भगदाडात गोठ्यातली दोरी बांधली. या वर्षी दोरी चालायची नाही. खोऱ्यातल्या तीन चर्चपैकी एक बंद करायचं ठरलंय, आणि ते ठरवणारे आर्चडीकन, म्हणजे बिशपसाहेबांचा उजवा हात, नेमके त्याच रविवारी येणार. ऑसगुडांनी उत्साहाच्या भरात त्यांना कळवून टाकलंय की आमचं गाव दर वर्षी चर्चला कवेत घेतं, येऊन बघा. आता कडं जुळलं नाही तर सेंट ऑस्वल्डमध्ये बटाटे ठेवतील. माझ्या मते बटाट्यांचाही अपमानच.

हे सगळं मला किलिंगबेकच्या पणतीने सांगितलं. आयरिस. घरोघर जाऊन माणसं गोळा करते. तुझ्या दारात आली आणि म्हणाली, "तू आर्किटेक्ट ना? मग चर्चचा घेर मोजून दे, म्हणजे मला कळेल किती जण कमी आहेत." मी हो म्हणालो. तिच्या गालाला चिखल लागला होता. तिला ते माहीत नव्हतं.

तर विचारायचं हे, की त्या कड्यात आपली थ्वेटांची जागा कुठली? आणि ती कुणाशी बदलून घेता येते का?

तुझा,
जाइल्स


ब्रिडलिंग्टन
१९ जून

जाइल्स,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चर्चवर दोन पानं आणि किलिंगबेकच्या पोरीवर चार ओळी, आणि त्या चार ओळींतच काय ते अक्षर सुवाच्य आहे. मला खुब्याचं हाड नवं बसवलंय, डोकं जुनंच आहे.

आपली जागा मनोऱ्याच्या वायव्य कोपऱ्यावर. तिथे भिंतीला टेकू देणारे दोन दगडी धिरे काटकोनात बाहेर येतात, म्हणून अलीकडच्या माणसाला पलीकडचा दिसत नाही, नुसता हात चाचपडून धरायचा. पायाशी खाजरा पाला असतो. तुझे आजी-आजोबा तिथे उभे राहायचे, मग मी आणि तुझा बाप. तुझा बाप लीड्सला मोठा माणूस व्हायला गेल्यापासून मी एकटीच. मागची काही वर्षं मी काठी लांब करायचे आणि पलीकडून पोस्टातली मिसेस ड्रेपर तिचं टोक धरायची. उजव्या हाताला सगडन. त्याचा हात बैलाच्या खुरासारखा आहे आणि तो स्तोत्र बेसूर म्हणतो.

जागा बदलता येत नाही. किलिंगबेक पडवीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला. आपल्यापासून जितकं लांब असता येईल तितकं. तुझ्या जन्माच्या आधीपासून ते तसं आहे आणि तुझ्या हृदयाच्या धडधडीसाठी कुणी सरकणार नाही.

पडवीला नावं ठेवतोस, ती का बांधली ते तरी माहीत आहे का? गिरणीत माणसं एवढी वाढली की चर्चमध्ये मावेनात. त्यांना बसायला म्हाताऱ्याने ती बांधली. दार मात्र वेगळं ठेवलं, पश्चिमेला, म्हणजे शेतमालकांच्या बायकांच्या झग्यांना लोकरीचं तेल लागू नये. मग गिरणी बंद पडली, माणसं गेली, पडवी उरली. कडं का पुरत नाही याचं उत्तर त्यात आहे. ते काढायला आर्किटेक्ट लागत नाही.

आणि तू आर्किटेक्ट नाहीस. त्या मुलीला ते सांगितलंस का?

विनी आत्या


हॅरोथॉर्प
५ जुलै

प्रिय आत्या,

सांगितलं नाही. वेळ आली नाही.

घेर मोजला. तुझी कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आम्ही दोघं चर्चभोवती फिरलो. मी एक टोक भिंतीला लावून धरायचो आणि ती दुसरं टोक घेऊन पुढे जायची. सगडन एका थडग्यावर बसून डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री खात होता.

"आर्किटेक्टसाहेब," तो म्हणाला, "दोरी जमिनीला लावा. आभाळ मोजायचं नाहीये."

"करू द्या हो त्याला, सगडनकाका," आयरिस म्हणाली. "तुम्ही गेल्या वर्षी गोठ्यातली दोरी आणलीत, तेवढी चर्चची सेवा पुरे झाली."

"त्या दोरीने पाद्र्यापेक्षा सुरात गायलं."

"तिला निदान मधे ढेकर आली नाही."

सगडन खूश झाला. या गावात एखाद्याला चारचौघांत जोड्याने मारलं की तो आपला होतो. मी पण काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, की पडवीचं पश्चिमेचं दार इतकं भिकार बसवलंय की बिजागऱ्याही लाजत असतील. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सगडन म्हणाला, "ते माझ्या आज्याने बसवलं." तिथून पुढे मी फक्त दोरी धरली.

आता ऐक. ती घरी गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. तिच्याकडे येतो म्हणालेली माणसं एका बाजूला, घेर दुसऱ्या बाजूला. माणसं कमी पडतात, आणि ती बरोब्बर पडवीएवढी कमी पडतात. पडवी नसती तर कडं जुळतं. मग मला दिसलं की पडवी नसल्यासारखं वागता येतं. पश्चिमेच्या दाराने रांग आत न्यायची. पडवीत, खांबांच्या ओळीला लागून उभी करायची, कारण खांब आहेत तिथेच जुनी भिंत होती. आणि पूर्वेला कोळशाचं जे बुटकं दार आहे, त्यातून बाहेर काढायची. म्हणजे कडं खऱ्या, जुन्या चर्चभोवती पडेल, आणि किलिंगबेकची कवळी बाहेर राहील. आत्या, मी कॉलेजात दोन वर्षं जे काही केलं त्यात याच्याइतकं नेटकं काही नव्हतं.

आणि हे मी कुणालाही सांगू शकत नाही.

कारण आयरिस. पडवीच्या मोठ्या खिडकीत रंगीत काचेचा संत ऑस्वल्ड आहे, आणि त्याच्या पायाशी तिचा पणजोबा गुडघे टेकून बसलाय, राखी कल्ले आणि संताच्या नाकाहून मोठं नाक घेऊन. त्या खिडकीच्या कट्ट्यावर ती दर शनिवारी फुलं ठेवते. गावातली सगळ्यात उंच फुलं. काल गुलखैरा होता. स्टुलावर चढते, एकेक दांडी हाताने सरळ करते, मागे सरकून बघते, परत चढते. मी खांबाआडून बघत होतो. इतक्या भक्तीने मी कुणाला काही करताना पाहिलं नाही. या माणसाचं नाक बघून कुणाला भक्ती वाटावी याचा मला संताप आला आणि ती भक्ती माझ्या वाट्याला यावी असंही वाटलं, एकाच वेळी. मी तिला काय सांगू, की तुझ्या घराण्याने गावाला दिलेली एकमेव गोष्ट वगळली की गाव वाचतं?

काय करू ते सांग. टोमणे नंतर मार.

जाइल्स


ब्रिडलिंग्टन
९ जुलै

जाइल्स,

टोमणे आधी. तू खांबाआडून मुली बघतोस आणि मला पत्राने कळवतोस. तुझे आजोबा असते तर त्यांनी तुला त्याच खांबाला बांधला असता.

आता सल्ला. गप्प बस. किलिंगबेक लोक विसरत नाहीत. त्यांच्या पणजीला कुणी एकदा म्हणालं होतं की पडवीत ओल येते, तर तिने पुढची सगळी वर्षं त्या बाईशी फक्त हवेबद्दल बोलणं ठेवलं. तुझी युक्ती चांगली आहे, हे मी एकदाच लिहिते, परत विचारू नकोस. पण ती तुझ्या तोंडून जाईल तेव्हा तिच्याबरोबर कवळी, नाक आणि बिजागऱ्याही जातील. तुझं तोंड मी ओळखते, ते आपल्या घराण्यात माझ्या बाजूने आलंय.

ऑसगुडांना सांग, इथून बस भरून माणसं पाठवते. आमच्या आरोग्यधामात निम्म्या बाया उभ्या राहू शकतात आणि गाऊ तर सगळ्याच शकतात.

विनी आत्या


हॅरोथॉर्प
२६ जुलै

आत्या,

तुझ्या बाया नको म्हणाले. ऑसगुडांनी शाळेच्या खोलीत सभा घेतली. आम्ही सगळे मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी. ऑसगुड म्हणाले, बाहेरची माणसं आणून कडं पुरं करणं म्हणजे आर्चडीकनांना फसवणं. सगडन म्हणाला, मेंढ्या उभ्या करू, त्या तरी इथल्याच आहेत. आयरिसचे डोळे लाल होते. ती महिनाभर दारोदार फिरली होती आणि अजून तेवढीच माणसं कमी होती. ती म्हणाली, "मग दोरीच बांधा. त्यांना खरं ते दिसू दे. बंद करायचं तर करू दे."

मला ते ऐकवलं नाही. मी नुसतं म्हणणार होतो, की एक वाट आहे. तेवढ्यात सगडन म्हणाला, "आर्किटेक्टसाहेबांना काहीतरी होतंय, कुणी खिडकी उघडा."

मग मी उभा राहिलो. खुर्ची माझ्या पार्श्वभागाला अडकून माझ्याबरोबर उठली. आणि मी सगळं बोललो. रांग कशी आत न्यायची ते सांगितलं, तिथे थांबायला हवं होतं. थांबलो नाही. म्हणालो, ही पडवी म्हणजे एका गिरणीवाल्याने देवाच्या घराला लावलेली जाहिरात आहे. म्हणालो, कवळी काढा, म्हातारं मरत नाही. नाकाबद्दलही बोललो. म्हणालो, तुम्ही सगळे एका खोट्या दारातून आत येता, वाकड्या गाभाऱ्याला नमस्कार करता आणि एका कारखानदाराच्या नाकासमोर फुलं ठेवता, आणि मग माणसं का उरली नाहीत म्हणून रडता.

सगडन हळूच म्हणाला, "आणि हे आम्हाला कोण सांगतंय? दुसऱ्या वर्षातून पळून आलेला पोरगा."

आयरिसने माझ्याकडे पाहिलं. "खरं का हे?"

मी म्हणालो, पळून आलो नाही, सोडून आलो. मास्तर मूर्ख होता.

"झालं तुझं बोलून?" ती म्हणाली. आणि आपली माणसांच्या नावांची वही बगलेत मारून निघून गेली.

मी उद्याच्या गाडीने जातोय. बटाटे ठेवा, कोंबड्या ठेवा. मांजराला मिसेस ड्रेपरकडे देतो. सगडनला हे कुणी सांगितलं ते मला कळलं तर बघून घेईन.

जाइल्स


ब्रिडलिंग्टन
२८ जुलै

जाइल्स,

मी सांगितलं. सगडन मागच्या आठवड्यात अंडी घेऊन आला होता. तू सांगणार नव्हतास, आणि खोट्या पदवीवर एका पोरीची दोरी धरून फिरणं मला बघवेना. लांबून का होईना.

आता बघून घे मला. त्यासाठी इथे यावं लागेल, आणि येताना तुला तोंड दाखवायला लाज वाटेल, म्हणून तू येणार नाहीस.

गाव सोडायचं तर सोड, पण नऊ ऑगस्टनंतर, कवेचा रविवार झाला की. त्या कोपऱ्यावर या वर्षी मी नाही, तुझा बाप येणार नाही, म्हणजे तू आहेस. चर्च तुला आवडावं असं कुणी म्हटलेलं नाही. मला तरी कुठे आवडतं. त्या दाराची नक्षी जुळत नाही हे मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. मी तरी दर वर्षी पाल्यात उभी राहिले, कारण नंतर भगदाड आमच्या जागी पडलं असं सगडनने म्हणावं हे मला सहन झालं नसतं. तिरस्कार करायचा तर जागेवर उभं राहून कर. रेल्वेत बसून कुणीही करतो.

लांब मोजे घाल.

विनिफ्रेड थ्वेट


लीड्स
१० ऑगस्ट

आत्या,

मी राहिलो. राहिलो नसतो तर बरं झालं असतं. आता लीड्सला एका मित्राच्या सोफ्यावर आहे आणि हॅरोथॉर्पला मी परत पाऊल टाकणार नाही. का ते लिहितो. हसशील तर हस.

रविवारी मी आपल्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. पाला मोज्यांतूनही लागतो, हे तू लिहिलं नव्हतंस. उजव्या हाताला सगडन आला, माझा हात खुरात घेतला आणि म्हणाला, "अरे वा. आलास."

"आत्याने सांगितलं म्हणून."

"तिला कोण नाही म्हणतं. मी तिला तीनदा मागणी घातली, तीनही वेळा तिने मला दार दाखवलं. कुठलं ते विचारू नकोस, माझ्या आज्याने बसवलेलंच."

हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. असो.

ऑसगुडांनी हाक दिली. आमच्या बाजूने हात जुळत गेले ते मला दिसले, दक्षिणेकडून, नॉर्मन दारावरून, सगडनपर्यंत. डावीकडे मात्र नुसता धिरा. उत्तरेकडे काय चाललंय ते काहीच दिसेना. तिकडे कुणाची तरी पावलं, मग आरडाओरडा, मग हसणं. मला वाटलं, दोरी आणली. आर्चडीकन मनोऱ्याच्या पायवाटेवर कुठेतरी उभे असणार, दोरीकडे बघत.

मग सगडनचा पुतण्या कोपऱ्यापलीकडून ओरडला, "काका, आयरिस रांग आत घेऊन गेली."

"आत कुठे?"

"चर्चमध्ये. पश्चिमेच्या दाराने. स्वतः सगळ्यांच्या पुढे. कोळशाच्या दारातून पलीकडे निघाले, पाद्रीणबाईंची टोपी काळी झालीये. जुळलं काका, तिकडून सगळं जुळलं."

आत्या, तिने केलं. माझं सगळं ऐकून, कवळी आणि नाक ऐकूनसुद्धा, तिने आपली जागा सोडली आणि पणजोबाची पडवी बाहेर ठेवली. मी तिथेच, त्या पाल्यात, मोकळ्या हाताने डोळे पुसले. सगडनने तिकडे बघायचं टाळलं. त्याने तेवढी माणुसकी दाखवली.

मग स्तोत्राला सुरुवात झाली, आणि मी डावा हात लांब केला. धिऱ्याला गाल लावून, खांदा निखळेपर्यंत. पलीकडे कुणीच नव्हतं. म्हणजे मिसेस ड्रेपर असणार, पण तिचाही हात पोचत नसणार. तुझी काठी आठवली. सगळं गाव जुळलं होतं आणि भगदाड आपल्या कोपऱ्यावर होतं. मी सगळ्यांना नावं ठेवली, आणि जिथे दोन माणसं लागतात तिथे मी एकटा उभा. सगडनला ते कळलं. त्याने माझा हात आणखी घट्ट दाबला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

आणि मग पहिलं कडवं संपता संपता एक हात माझ्या हातात आला. मऊ, गार, जरा ओला. मला वाटलं, ती. फुलांना पाणी घालून, रांग पुरी करून, धावत वळसा घालून आली असणार, कारण कुठे कमी आहे हे तिलाच ठाऊक असतं. मी तो हात धरला. कसा धरला ते सांगत नाही. दोन पावलं पुढे, दोन मागे, सगळी कडवी संपेपर्यंत धरला. आयुष्यात पहिल्यांदा मला ते वाकडंतिकडं दगडी भांडण सुंदर दिसलं, आणि हे मी तुला लिहितोय याची मला शरम वाटते.

स्तोत्र संपलं. हात सुटला नाही, म्हणजे मी सोडला नाही. मग धिऱ्याआडून एक पुरुषी, घोगरा आवाज आला: "तरुण गृहस्था, मला वाटतं, आता सोडायला हरकत नाही."

आर्चडीकन. ते बघायला उभे होते आणि मिसेस ड्रेपरने त्यांचा दंड धरून त्यांना ओढलं होतं. "रिकामेच उभे आहात ना, साहेब? मग धरा." असं म्हणाली म्हणे.

सगडन थडग्यावर बसून हसला, दम लागेपर्यंत. मी कुणाकडे न बघता घरी गेलो, पिशवी भरली आणि संध्याकाळची गाडी धरली. आयरिसला भेटलो नाही. काय तोंडाने भेटणार.

मांजर मिसेस ड्रेपरकडे आहे. किल्ली पायपुसण्याखाली.

जाइल्स


ब्रिडलिंग्टन
२ सप्टेंबर

जाइल्स,

तीन आठवडे मी उत्तर दिलं नाही, कारण पूर्ण उत्तर हातात यायचं होतं. आता आलंय.

पहिली गोष्ट. आर्चडीकनांचं पत्र ऑसगुडांना मिळालं. सेंट ऑस्वल्ड उघडं राहणार. त्यांनी लिहिलंय, कडं जुळलं हे मी नाकारू शकत नाही, कारण त्यात माझाच हात होता. त्यांच्या घोट्यांना पाला लागला होता, त्याचाही उल्लेख आहे, जरा सविस्तर.

दुसरी गोष्ट. किलिंगबेकची पोर परवा इथे आली होती. काळ्या मनुकांचा मुरंबा घेऊन, दोन बसेस बदलून. मी तिला म्हणाले, माझा भाचा तुमच्या पडवीबद्दल जे काही बोलला त्याबद्दल थ्वेट घराणं दिलगीर आहे. तर ती म्हणाली, "तो काय नवीन बोलला? बाराव्या वर्षापासून मी ते नाक पुसतेय. ते दिसू नये म्हणूनच तर उंच फुलं ठेवते. गुलखैरा असला की पूर्ण झाकलं जातं, डेझी असली की नाही."

गाढवा. भक्ती म्हणे.

मी विचारलं, मग सभेतून उठून का गेलीस? म्हणाली, "रांगेत कुणाकुणाला आत न्यायचं ते मांडायचं होतं. आणि तो मला खरं सांगू शकला नाही याचा राग आला होता. मी काय त्याची पदवी बघून दोरी दिली होती त्याच्या हातात?"

आता तिसरी गोष्ट, जी तू मला लिहिली नाहीस. "कसा धरला ते सांगत नाही," असं लिहून तू निसटलास. आर्चडीकन नंतर पाद्रीघरी चहाला थांबले होते आणि आयरिस कप भरत होती. ते फार गंभीरपणे म्हणाले, की कोपऱ्यावरच्या तरुणाने माझा हात असा धरला होता जसा माझ्या बायकोने लग्नातही धरला नव्हता. आणि दुसऱ्या कडव्याला धिऱ्याआडून तो म्हणाला, पडवीला मी वाटेल ते बोललो, तुला नाही, मला तुझ्या बाजूला उभं राहायचं होतं म्हणून मी ही सगळी मोजमापं केली. ते म्हणाले, मी चाळीस वर्षं धर्मकार्यात आहे, पण हा कबुलीजबाब माझ्यासाठी नव्हता एवढं मला कळलं. तो कुणासाठी होता हे कुणाला माहीत आहे का?

आयरिसच्या हातून चहा कपाऐवजी बशीत गेला, म्हणते.

एवढं सगळं सांगून ती माझ्यासमोर बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले. तिचे हात मी पाहिले. बागकामाने खरखरीत झालेत, बोटांना चिरा आहेत. चर्चभोवती तू तिच्याबरोबर दोरी धरून फिरलास, आणि मऊ गार हात हाती आल्यावर तो पाद्र्याचा असणार हे तुला कळलं नाही. तुझी वास्तुकलेची नजर अशीच असेल तर मास्तर मूर्ख नव्हता.

शेवटी तिने विचारलं, "तुमच्या कोपऱ्याला नेहमीच दोन माणसं लागतात का?"

मी म्हणाले, नेहमीच. मी काठीवर भागवलं, त्याला भागवणं म्हणतात, उभं राहणं म्हणत नाहीत.

ती निघायला उठली. मग म्हणाली, "त्याला सांगा, पुढच्या ऑगस्टच्या आत तिथला पाला मुळापासून उपटायचा. मी लांब मोजे घालून उभी राहणार नाही."

बागेतले हातमोजे माझ्या मागच्या दाराला टांगलेत. किल्ली पायपुसण्याखालून काढून ठेव, ते कुणालाही सुचतं.

विनी आत्या